सडात सुगंधी तेल सोडावे का? कासदाहावर थाइम, ओवा आणि लवंगेच्या तेलांचा उपयोग

पहाटधार (प्रश्न)

नमस्कार. माझ्या गोठ्यात 11 दुभत्या गाई आहेत. त्यांपैकी तिसऱ्या वेतातील एका गाईचा मागचा उजवा सड गेल्या चार महिन्यांत तीन वेळा बिघडला. दर वेळी सुरुवात सारखीच होते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात घेतल्या की तळाला बारीक पांढरे कण दिसतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाठी होतात आणि कासेचा तेवढाच भाग हाताला घट्ट लागतो. गाईला ताप नसतो, ती चारा खाते, रवंथ करते. पहिल्या दोन वेळा सडात अँटिबायोटिकच्या ट्यूब सोडल्या आणि आठवड्याभरात दूध स्वच्छ दिसू लागले, पण महिना उलटतो न उलटतो तोच गाठी परत आल्या. तिसऱ्या वेळी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत दिला. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला आणि पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही असा अहवाल आला.

त्यानंतर मी वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांविषयी बरेच वाचले. थाइम, ओरेगॅनो, दालचिनी, लवंग आणि गवती चहा यांची तेले कासदाहाच्या जंतूंना मारतात, आणि अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंनाही मारतात, असे अनेक शोधनिबंधांत म्हटले आहे. थाइमच्या तेलातील मुख्य द्रव्य थायमॉल आहे आणि आपण ज्याला ओव्याचे फूल म्हणतो तेही थायमॉलच आहे, हे समजल्यावर माझी उत्सुकता वाढली. शिवाय पुदिन्याच्या तेलाचे मलम कासेला चोळल्यावर सूज उतरते हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

ही तेले एखाद्या सौम्य तेलात विरळ करून सडातून आत सोडता येतील का, आणि सोडायची असल्यास किती तीव्रतेची, हे मला जाणून घ्यायचे आहे. प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते कासेत का होऊ नये, हेही मला समजत नाही. तेल सोडल्यानंतर दूध किती दिवस बाजूला ठेवावे, हाही प्रश्न आहे. ही गाय मला गमवायची नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

कासवैद्य

मी दुभत्या जनावरांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे. सर्वांत आधी स्पष्ट सांगतो, की घरी तयार केलेले कोणतेही तेल सडाच्या छिद्रातून आत सोडू नका. ते वनस्पतींचे आहे म्हणून मी विरोध करत नाही, कारण थायमॉल आणि ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल जंतू मारतात याविषयी मला शंका नाही. माझी हरकत सडाच्या रचनेतून येते.

सडाच्या टोकाशी जी अरुंद नळी असते, तिच्या आतल्या बाजूला केराटिनचा मेणासारखा थर असतो आणि टोकाला स्नायूंचे कडे असते. कासेचे बाहेरच्या जंतूंपासून रक्षण करणारी ही पहिली भिंत आहे. ट्यूबची नळी पूर्ण आत घातली तर हा थर खरवडला जातो आणि टोकावरचे जंतू आत ढकलले जातात, म्हणूनच निर्जंतुक ट्यूब देतानाही आम्ही सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसतो आणि नळीचे टोक जेमतेम 3 मिलिमीटर आत घालायला सांगतो. ही सगळी काळजी निर्जंतुक औषधाच्या बाबतीत घ्यावी लागते. बाटलीतून सिरिंजमध्ये ओढलेले तेल निर्जंतुक नसते. तेलात जंतू वाढत नाहीत असे लोक समजतात, पण सिरिंज, पाणी, हात आणि बाटलीचे तोंड यांतून यीस्ट, स्यूडोमोनास हा जंतू किंवा प्रोटोथिका नावाचे शेवाळ आत गेले, तर त्यावर चांगला म्हणावा असा उपचार हाती उरत नाही. प्रोटोथिकाने धरलेला सड मी बरा झालेला पाहिलेला नाही.

दुसरी अडचण दाहाची आहे. लवंगेच्या तेलाचा थेंब हिरडीवर ठेवला की काय होते ते आठवा. सडाच्या आतले अस्तर हिरडीपेक्षा कितीतरी नाजूक असते. थायमॉल, कार्व्हाक्रॉल आणि लवंगेतील युजेनॉल ही फिनॉल गटातील द्रव्ये आहेत आणि दालचिनीतील सिन्नामाल्डिहाइड हे त्वचेला झोंबणारे म्हणून प्रसिद्धच आहे. ही द्रव्ये जंतूचे आवरण ज्या गुणाने फाडतात, त्याच गुणाने गाईच्या दूध तयार करणाऱ्या पेशींचे आवरणही दुखावतात. जंतू मरतील पण पेशी वाचतील अशी तीव्रता सापडली तरच ते औषध ठरते, आणि ती पट्टी फार अरुंद आहे.

पुदिन्याच्या मलमाबद्दल तुमचे निरीक्षण खरे आहे. मेन्थॉलमुळे थंडावा येतो, चोळण्याने रक्त आणि लसीका यांचा प्रवाह वाढतो, आणि व्यायल्यानंतरच्या साध्या सुजेत तर त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र त्वचेवरून आत गेलेले मेन्थॉल कासेतील जंतू मारण्याइतक्या प्रमाणात दुधापर्यंत पोहोचत नाही. मलम चोळा, फक्त ते जंतूंवरचे औषध आहे असे समजू नका.

तुमच्या गाईचा जंतू मुळातच चिवट आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेच्या ऊतीत खोल शिरतो, त्याभोवती बारीक गळवे आणि तंतुमय कवच तयार होते, काही जंतू थेट पेशींच्या आत राहतात. दुधातील जंतू मेले की गाठी जातात आणि कवचातले जंतू महिन्याभराने पुन्हा बाहेर येतात. तुमच्या गाईच्या बाबतीत बहुधा हेच घडत आहे. तिची सोमॅटिक सेल काउंट (दुधातील पेशींची संख्या, जी संसर्गात वाढते) आणि बाकीच्या तीन सडांची स्थिती कळवल्यास पुढचे बोलता येईल.

पेट्री बशी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि या तेलांवर बराच काळ चाचण्या केल्या आहेत, म्हणून "प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते कासेत का होऊ नये" या प्रश्नाचे उत्तर मी देते. माझ्या मते चर्चेचा गाभा तोच आहे.

ही तेले स्निग्धप्रेमी असतात, त्यामुळे पाण्यात राहण्यापेक्षा जंतूच्या मेदयुक्त पडद्यात शिरणे ती पसंत करतात. पडद्यात शिरली की तो सैल पडतो, आतले पोटॅशियम आणि ऊर्जा साठवणारे एटीपी बाहेर गळते, आणि जंतूचा कारभार थांबतो. एका ठरावीक प्रथिनावर नेम धरण्याऐवजी ती संपूर्ण पडद्यावर आघात करतात, म्हणूनच पेनिसिलिनला दाद न देणारा जंतूही त्यांना बळी पडतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, पण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल त्यालाही खिळखिळे करतात. स्यूडोमोनास मात्र बहुतेक तेलांना पुरून उरतो.

आता दुधाचा विचार करा. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्ध गोळे आणि प्रथिने. मेदाकडे ओढ घेणारे तेल दुधात पडले की ते जंतूकडे जाण्याआधी लोण्यात जाऊन बसते आणि केसिन या दुधातील प्रथिनाला चिकटते. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या पोषक द्रवात जी मात्रा पुरते, तिच्या कितीतरी पट मात्रा दुधात लागते, आणि दुधातील स्निग्धांश वाढला की तीही अपुरी पडते. नुसत्या पोषक द्रवातील आकडा देऊन "कासदाहावर प्रभावी" असा निष्कर्ष काढणारा निबंध दिसला, की त्यात दुधातील चाचणी आहे का हे मी सर्वप्रथम शोधते.

एक साधा हिशेब मांडते. समजा धार काढल्यानंतर कासेच्या त्या भागात 300 मिलिलिटर दूध उरले आहे आणि पोषक द्रवात जंतू रोखायला प्रति मिलिलिटर 0.5 मिलिग्रॅम थायमॉल लागते. म्हणजे 150 मिलिग्रॅम झाले. दुधामुळे दहापट लागेल असे धरले, तर दीड ग्रॅम होते. ते 10 मिलिलिटरच्या एका मात्रेत बसवायचे म्हणजे 15 टक्क्यांचे द्रावण झाले, आणि ते सर्वप्रथम सडाच्या अस्तरालाच भिडणार. पुढच्या धारेपर्यंत त्याच भागात 3 लिटर दूध उतरले की तीच मात्रा दहापटीहून अधिक विरळ होते. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु अडचण कोणत्या जातीची आहे ते यातून दिसते: सुरुवातीला पोळण्याइतके तीव्र आणि बारा तासांनी जंतूला न पुरण्याइतके पातळ.

चाचणीच्या पद्धतीतही फसगत आहे. मी शिकत असताना 96 खळ्यांच्या पट्टीत थाइमच्या तेलाची उतरती मात्रा लावली होती आणि दुसऱ्या दिवशी पाहते तो ज्या खळ्यांत तेल अजिबात नव्हते, त्या शेजारच्या खळ्याही स्वच्छ राहिलेल्या. झाकण उघडताच नाकात शिरलेल्या वासाने कारण सांगितले: तेल वाफ होऊन झाकणाखाली पसरले होते आणि त्या वाफेनेच शेजारच्या जंतूंची वाढ रोखली होती. त्या पट्टीचे सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले. आगरवर (जंतू वाढवण्याच्या जेलीवर) कागदी चकती ठेवून भोवतालचे स्वच्छ वर्तुळ मोजण्याची पद्धत तर तेलांसाठी आणखीच कच्ची आहे, कारण पाणीदार आगरमध्ये तेल नीट पसरत नाही आणि वर्तुळाच्या रुंदीवरून तेलाची खरी ताकद कळत नाही.

याशिवाय बाटलीवर "थाइम तेल" लिहिले म्हणजे आत थायमॉल असेलच असे नाही. थाइमच्या एकाच जातीत थायमॉलप्रधान, कार्व्हाक्रॉलप्रधान आणि लिनॅलूलप्रधान अशी वेगवेगळी झाडे असतात, दिसायला सारखी आणि तेलाने निराळी. कापणीचा हंगाम आणि वाळवण्याची रीत यांनीही प्रमाण बदलते. गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल नसलेल्या तेलाची मात्रा ठरवणे म्हणजे दाणे न पाहता बियाणे पेरण्यासारखे आहे.

या विषयात आशा नाही असे मी म्हणत नाही. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात स्थिर ठेवणारी मिश्रणे, जंतूंनी पृष्ठभागावर तयार केलेल्या चिकट थरावर होणारा परिणाम, आणि अँटिबायोटिकसोबत अल्प मात्रेत दिल्यास दोघांची एकत्रित ताकद वाढणे, या तिन्ही दिशांनी गंभीर काम चालू आहे. यातली तिसरी दिशा मला सर्वांत आश्वासक वाटते, कारण तिच्यात तेलाची मात्रा पोळण्याच्या पातळीखाली ठेवता येते.

पहाटधार

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रश्नात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, ती आता लिहितो. गेल्या वर्षी एका परिचिताच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या एका गाईच्या सडात ओव्याचे फूल विरघळवलेले खाद्यतेल सोडले होते. नळी बाहेर काढेपर्यंत ती शांत होती, मग तिने मागचा पाय उचलून धरला आणि बराच वेळ खाली टेकवला नाही. संध्याकाळी तो सड लाल आणि गरम होता, दुधाला ओव्याचा उग्र वास होता आणि तो वास पुढच्या कित्येक धारांना येत राहिला. त्या सडाचे दूध नंतर निम्म्यावर आले आणि त्या वेतात भरून आले नाही. तेव्हा मी तो रोगाचाच परिणाम समजलो होतो. आज वाचताना तिचा उचललेला पाय डोळ्यांपुढे आला आणि वाईट वाटले.

सध्याच्या गाईची सोमॅटिक सेल काउंट प्रति मिलिलिटर 9 लाखांच्या आसपास आली आहे. चार कप्प्यांच्या तबकात सीएमटीचे (कासदाह ओळखण्याच्या कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्टचे) जांभळे द्रावण घालून फिरवले, तेव्हा मागच्या उजव्या सडाचे दूध जेलीसारखे घट्ट होऊन मध्यभागी गोळा झाले. बाकीचे तीन कप्पे पातळच राहिले. व्यायला अजून साधारण चार महिने आहेत.

हिरवा गोठा

मी बरीच वर्षे सेंद्रिय पद्धतीने गाई पाळतो, त्यामुळे आपला प्रश्न मला परका नाही. आमच्यासारख्यांना या तेलांची ओढ असण्याचे कारण समजण्याजोगे आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत अँटिबायोटिक दिलेल्या गाईचे दूध पुन्हा सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. युरोपीय संघात अँटिबायोटिक देता येते, पण दूध बाजूला ठेवण्याचा काळ दुप्पट आणि किमान 48 तासांचा धरावा लागतो. मात्र प्रमाणपत्र टिकवण्यासाठी आजारी जनावराचा उपचार रोखून धरणे अमेरिकेचे तेच नियम मना करतात, आणि हे वाक्य आमच्यातील अनेक जण सोयीस्करपणे विसरतात.

वनस्पतिजन्य घटकांच्या तयार, निर्जंतुक ट्यूब मी पशुवैद्यांच्या देखरेखीखाली वापरून पाहिल्या आहेत. सुरुवातीला मला फार चांगले परिणाम दिसले आणि मी सगळ्यांना तसे सांगत सुटलो. मग पशुवैद्यांनी मला एक वही ठेवायला लावली: फक्त दुधात गाठी असलेल्या, ताप आणि सूज नसलेल्या गाईंपैकी एका आड एक गाईला ट्यूब द्यायची, आणि दुसरीची फक्त धार वेळच्या वेळी पूर्ण काढायची. दोन्ही रकान्यांतील बहुतेक गाई चार-सहा दिवसांत स्वच्छ झाल्या. सौम्य कासदाहात, विशेषतः तो ई. कोलायमुळे झाला असेल तर, गाईची प्रतिकारशक्ती बहुधा स्वतःच जंतूंना संपवते, आणि नमुना घेईपर्यंत कित्येकदा त्यात जंतू उरलेलेही नसतात. तोपर्यंत मी गाईच्या कामाचे श्रेय ट्यूबला देत होतो. माझ्या वहीतील गाई थोड्या होत्या, म्हणून त्यावरून ट्यूब निरुपयोगी ठरत नाही, पण तुलनेचा रकाना नसलेल्या अनुभवावर माझा विश्वास तेव्हापासून उरला नाही.

अशा एका वनस्पतिजन्य मिश्रणातील थाइम, विंटरग्रीन, ज्येष्ठमध आणि अँजेलिका हे घटक संशोधकांनी वेगवेगळे तपासले, तेव्हा जंतुनाशक गुण प्रामुख्याने थाइमच्या तेलात आढळला, हेही येथे नोंदवतो.

माझ्या गोठ्यात ही तेले आता सडाच्या बाहेर राहतात. धार झाल्यावर सड बुडवण्याच्या द्रावणात ती चांगली बसतात, कारण तिथे मेद नाही, दूध नाही, फक्त त्वचा आणि तिच्यावरचे जंतू असतात. तेथेही तयार, तपासलेले द्रावणच घ्यावे. चुकीच्या तीव्रतेने सडाची त्वचा भेगाळली, तर त्याच भेगांत स्टॅफिलोकोकस घर करतो आणि केलेला उपाय उलटतो. धार काढल्यावर सडाचे तोंड पूर्ण मिटायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून बुडवल्यानंतर आम्ही पुढ्यात चारा टाकतो, म्हणजे गाय लगेच बसत नाही. कोणत्याही तेलापेक्षा या एका सवयीने माझ्याकडचा कासदाह अधिक कमी केला.

कासवैद्य

पहाटधार, तुम्ही मागच्या वर्षीचा प्रसंग लिहिलात हे फार चांगले केले. उचललेला पाय आणि घटलेले दूध हे त्या तेलाच्या दाहाशी पूर्णपणे जुळणारे आहे, आणि दुधाचा मेद वास धरून ठेवतो म्हणून तो इतक्या धारांना आला. दूध किती दिवस बाजूला ठेवावे याचे उत्तरही यातच आहे: घरगुती मिश्रणासाठी असा काळ कोणी मोजलेलाच नसतो, त्यामुळे कोणताही आकडा सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

आता या गाईबद्दल. सड एकच बाधित आहे आणि वेत तिसरेच आहे, या दोन गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. सेल काउंट 2 लाखांच्या वर गेली की आम्ही संसर्ग धरतो, त्यामुळे 9 लाखांचा आकडा, तीन वेळा उलटलेला आजार आणि पेनिसिलिनला न जुमानणारा जंतू या तिच्या विरुद्धच्या. अशा गाईला दूध चालू असताना पुन्हा पुन्हा ट्यूब देण्यापेक्षा, अहवालात चालणारे म्हणून आलेले औषध आटवण्याच्या वेळी देण्याने स्टॅफिलोकोकस ऑरियस जाण्याची शक्यता जास्त असते. भाकड काळात औषध धारेबरोबर वाहून जात नाही, ते ऊतीत दीर्घकाळ टिकते. व्यायला चार महिने आहेत म्हणजे आटवायला साधारण दोनच महिने उरले. तोपर्यंत तिची धार सर्वांत शेवटी काढा, तिच्यासाठी वेगळे फडके ठेवा आणि यंत्र वापरत असाल तर तिच्यानंतर ते धुतल्याशिवाय दुसऱ्या गाईला लावू नका. हा जंतू प्रामुख्याने धार काढतानाच एका गाईकडून दुसरीकडे जातो.

मधल्या काळात सूज किंवा वेदना दिसली तर तुमच्या पशुवैद्यांना विचारून वेदनाशामक द्या, आणि पुदिन्याचे मलमही खुशाल चोळा. मात्र ताप आला, दूध पाण्यासारखे पातळ झाले किंवा गाय बसून राहिली, तर मलम बाजूला ठेवून त्याच तासाला पशुवैद्यांना बोलवा. त्या अवस्थेत ई. कोलायच्या आवरणातून सुटलेले विष रक्तात भिनलेले असू शकते आणि शिरेतून द्रव देण्यात झालेला उशीर जिवावर बेततो.

व्यायल्यानंतर त्याच सडाचे दोन नमुने दोन आठवड्यांच्या अंतराने घ्या. हा जंतू दुधात रोज सारखा उतरत नाही, त्यामुळे एका स्वच्छ नमुन्यावर बरी झाली असे म्हणता येत नाही. नमुना घेताना पलीकडचे सड आधी आणि अलीकडचे नंतर पुसा, आणि धार घेताना उलट क्रम ठेवा, म्हणजे पुसलेल्या सडाला तुमचा हात लागत नाही. पहिल्या धारा टाकून द्या, बाटली तिरपी धरा आणि नमुना बर्फावरच न्या. दोन्ही नमुन्यांत तोच जंतू निघाला, तर तो एक सड कायमचा आटवून गाईला तीन सडांवर ठेवता येते का, हे तेव्हा पाहू.

पहाटधार

आटवण्याची तारीख आजच वहीत लिहिली आणि तिला धारेच्या रांगेत शेवटी बांधले. अहवालाची प्रत घेऊन उद्या आमच्या पशुवैद्यांकडे जात आहे. व्यायल्यानंतरचे दोन्ही नमुने आले की येथे कळवतो.